एएमएचचा रिपोर्ट हातात आल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथून नागपूर दीडशे किलोमीटर. मूल होत नाही म्हणून नागपूर-यवतमाळला तपासण्या करून आलेली जोडपी रिपोर्ट घेऊन पुन्हा माझ्याकडे येतात, कारण तिथे विचारायचं राहून गेलेलं असतं. गेल्या काही वर्षांत त्या फायलीत एएमएचचा, म्हणजे अंडाशयातल्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा, कागद हमखास असतो. एकदा एक सासूबाई सुनेच्या देखत म्हणाल्या, "मॅडम, इचे अंडे सरले म्हंतेत. आता काय करा लागते?" सून २७ वर्षांची. मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. रिपोर्टवर आकडा होता १.१, आणि त्याच्यापुढे कोणीतरी लाल पेनने गोल केला होता.

त्या लाल गोलाचा अर्थ काय आणि काय नाही, हे नीट सांगावं म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत.

एएमएच म्हणजे रक्तात नेमकं काय मोजतात?

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख बीजं, म्हणजेच अंडी, असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली ३ ते ४ लाख उरतात. नवीन तयार होत नाहीत. आयुष्यभरात जेमतेम ४०० ते ५०० बीजं पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप जिरतात. प्रत्येक बीजाभोवती एक बारीक पिशवी असते, तिला सोनोग्राफीवाले फॉलिकल म्हणतात. ही पिशवी लहान असताना, म्हणजे साधारण ८ मिलिमीटरपर्यंत, तिच्या भिंतीतल्या पेशी अँटी-म्युलेरियन हार्मोन रक्तात सोडतात. तेच एएमएच. अशा लहान पिशव्या जास्त असतील तर आकडा जास्त, कमी असतील तर कमी.

नाव अवघड वाटतं, त्याचं कारण गर्भात आहे. मुलाचा गर्भ असेल तर हेच हार्मोन त्याच्या शरीरातल्या म्युलेरियन नलिका जिरवतं. याच नलिकांपासून मुलीत गर्भाशय आणि गर्भनलिका तयार होतात. बायकांच्या अंडाशयाचा साठा बघायला याचा उपयोग २००० सालानंतर रुळला.

एएमएच कमी आला म्हणजे मला मूल होणारच नाही का?

नाही, तसा अर्थ अजिबात होत नाही. सगळ्यांत जास्त रडणं याच गैरसमजावर होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाईला शेत म्हणायची उपमा मला आवडत नाही, पण बियाण्याचा हिशेब आपल्याकडे घराघरात कळतो. मृगाच्या आधी घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, चार-पाच दिवसांनी उलगडून कोंब मोजतो. सत्तर उगवले की बियाणं चांगलं. आता कोणी नुसती घरातली पोती मोजली आणि सांगितलं की यंदा पीक येणार नाही, तर तुम्ही ऐकाल का? एएमएच ही पोत्यांची मोजणी आहे. गोणपाट त्यात उलगडलंच जात नाही. बीज किती कसदार, हे मुख्यतः बाईच्या वयावर ठरतं. २७ वर्षांच्या बाईचा एएमएच १.१ आणि ४१ वर्षांच्या बाईचा १.१, हे कागदावर सारखे दिसले तरी दोघींची गोष्ट एक नाही. पहिलीकडे पोती कमी असली तरी दाणा तरुण आहे.

शिवाय घरच्या घरी दिवस राहायला महिन्याला एकच बीज लागतं. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वंध्यत्वाचा कुठलाही इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका त्यात होत्या. ज्यांचा एएमएच कमी होता त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं नाही. म्हणून लग्नाआधी किंवा लग्नानंतर लगेच, काही त्रास नसताना "एकदा बघून घेऊ" म्हणून ही तपासणी करू नका. त्यातून फक्त धास्ती हाती लागते.

मग ही तपासणी करायचीच कशाला?

टेस्ट ट्यूब बेबीच्या म्हणजे आयव्हीएफच्या उपचारात महिन्याला एक बीज पुरत नाही. इंजेक्शनं देऊन एकाच वेळी बरीच बीजं पिकवावी लागतात. अंडाशय त्या इंजेक्शनला कसा जवाब देईल, थोडी बीजं येतील, बेताची येतील की धोका व्हावा इतकी येतील, हे आधी कळलं तर डॉक्टरला डोस आणि औषधाची पद्धत ठरवता येते. एएमएचचं खरं काम एवढंच आहे, आणि ते काम तो चांगलं करतो.

किती आकडा असला म्हणजे बरा?

वय बघितल्याशिवाय उत्तर देऊ नये, तरी ढोबळ सांगते. रिपोर्टवर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकक असेल तर साधारण १ ते १.२ च्या खाली इंजेक्शनला कमी प्रतिसाद मिळण्याची शक्यता धरतात. ३.५ च्या वर गेला की जास्त प्रतिसादाची. युरोपातल्या तज्ज्ञांनी बोलोनिया इथे ठरवलेली कमी प्रतिसादाची व्याख्या २०११ साली प्रसिद्ध झाली, त्यात ०.५ ते १.१ ही रेघ होती. २०१६ मध्ये आलेल्या पोसायडन वर्गीकरणात १.२ धरलं आणि ३५ वर्षांच्या आतल्या आणि वरच्या बायका वेगळ्या काढल्या. वय वेगळं काढलं हे फार योग्य केलं.

मात्र एकक बघायला विसरू नका. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. वणीकडचं एक जोडपं माझ्याकडे आनंदाने पेढे घेऊन आलं होतं. पहिला रिपोर्ट १.४, मग तीन महिने कसलीशी पावडर दुधातून घेतली, नंतर दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट ९.८. पावडर लागू पडली असं त्यांना वाटलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि आकड्यापुढची बारीक अक्षरं दाखवली. ९.८ ला ७.१४ ने भागलं की १.४ च्या जवळपासच येतं. पावडरीला त्यांनी अठरा हजार रुपये दिले होते, कापसाच्या पहिल्या वेचणीचे. तो डबा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

रक्त कधी द्यायचं? उपाशीपोटी?

एएमएच पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतो, कारण महिन्याभरात तो फारसा हलत नाही. उपाशी राहायची गरज नाही. गावाहून निघताना भाकर खाऊन निघा, उगाच एसटीत चक्कर यायला नको.

एफएसएच आणि इस्ट्राडिओल या दुसऱ्या दोन हार्मोनच्या तपासण्या मात्र पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसातच कराव्या लागतात. दिवस मोजताना नुसते डाग पडले तो दिवस धरू नका. अंगावरून नीट जायला लागलं तो पहिला दिवस. पाळी आहे म्हणून देवळात जात नाही तसं दवाखान्यातही जायचं नाही, असं समजून कित्येक जणी पाचवा दिवस उलटल्यावर येतात. या तपासणीला पाळीतच यायचं असतं, कोणी काही म्हणणार नाही.

एएमएच केला, तरी एफएसएच आणि इस्ट्राडिओल कशाला?

एफएसएच मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं आणि अंडाशयाला कामाला लावतं. अंडाशय थकलं की ग्रंथीला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून पाळीच्या सुरुवातीला एफएसएच १० च्या वर सारखा येत असेल तर साठा कमी झाल्याची खूण मानतात. पण तो एका महिन्यात ७ आणि पुढच्या महिन्यात १२ असा हेलकावे खातो.

इस्ट्राडिओल हे अंडाशयातून येणारं हार्मोन. ते सोबत बघण्याचं कारण असं की तिसऱ्या दिवशीच तो ६० ते ८० पिकोग्रॅमच्या वर गेलेला असला तर तो एफएसएचला दाबून ठेवतो. एफएसएच ६ बघून सगळं ठीक वाटतं आणि खरी गोष्ट झाकलेली राहते. नुसता एफएसएच करून "नॉर्मल" सांगितलेल्या रिपोर्टवर मी कधी समाधान मानत नाही.

इन्हिबिन-बी पण सांगितलंय.

हे अंडाशयातलंच आणखी एक हार्मोन. नेहमीच्या कामात त्याची गरज नाही. एएमएच आणि सोनोग्राफी असताना त्यातून हाती काही जास्त येत नाही. पैसे वाचवा.

सोनोग्राफीत फॉलिकल मोजले, ते खरं की रक्त खरं?

दोन्ही. पाळीच्या सुरुवातीला आतून केलेल्या सोनोग्राफीत २ ते १० मिलिमीटरच्या पिशव्या मोजतात, त्याला एएफसी म्हणतात. दोन्ही अंडाशयांत मिळून ५ च्या आत असतील तर कमी प्रतिसाद अपेक्षित. अंदाज बांधण्यात एएमएच आणि एएफसी जवळपास सारखेच पक्के आहेत. सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर आणि मशीनवर मोजणी अवलंबून असते, रक्ताचं तसं नाही. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे रक्तात ०.६ आणि सोनोग्राफीत १८ पिशव्या, तर रक्त पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन लॅबमध्ये आकडा वेगळा का आला?

एकक सारखं असलं तरी वेगवेगळ्या मशीनचे आकडे थोडे पुढेमागे येतातच. उपचार चालू असताना शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. तालुक्याच्या ठिकाणी रक्त काढतात, पण तपासणी नागपूर किंवा मुंबईला होते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. रक्त फिरवून त्यातलं सीरम वेगळं केलं का, थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घट्ट गोठलेल्या होत्या का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी स्वतः एका संध्याकाळी बसस्टँडवर असा डबा उन्हात ठेवलेला पाहिला, झाकण अर्धं उघडं आणि आतलं बर्फ पाण्यासारखं डुचमळत होतं. तेव्हापासून मी नमुना सकाळी काढायला आणि त्याच दिवशी पाठवायला सांगते.

कुठल्या औषधांनी आकडा बदलतो?

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच खोटा कमी दिसू शकतो. गोळ्या बंद करून दोन-तीन महिन्यांनी तपासलेलं बरं. केस आणि नखांसाठी ज्या गोळ्या मिळतात त्यात बायोटिन भरपूर असतं आणि काही मशीनच्या मोजणीत ते ढवळाढवळ करतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

कॅन्सरची केमोथेरपी आणि अंडाशयावरचं ऑपरेशन यांनी मात्र साठा खरोखर कमी होतो. चॉकलेट सिस्टची, म्हणजे अंडाशयात जुनं रक्त साचून झालेली, गाठ काढताना भोवतालचा चांगला भागही थोडा जातो. ज्या मुलीला पुढे मूल हवं आहे तिच्या अंडाशयाच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी एएमएच करून घ्या. ही तपासणी कुणी सुचवत नाही म्हणून राहते आणि मग दुसऱ्या अंडाशयाच्याही ऑपरेशनची वेळ आली की हळहळ होते.

आकडा जास्त आला, ७.५. म्हणजे भारीच ना?

सावध राहायचं. इतका आकडा बहुतेक वेळा पीसीओएस या अंडाशयाच्या आजारात येतो. पाळी दोन-दोन महिने लांबते, अंडी साठ्यात भरपूर असतात पण पिकून बाहेर पडत नाहीत. अशा बाईला नेहमीचा डोस दिला तर एकाच वेळी वीस-पंचवीस पिशव्या फुगतात आणि अंडाशय अतिउत्तेजित होतं. त्याला ओएचएसएस म्हणतात. रक्तातलं पाणी पोटात उतरतं, रक्त घट्ट होतं, गुठळ्या होऊ शकतात. जीवही जाऊ शकतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई अंडी काढून झाल्यावर तिसऱ्या दिवशी गावी परतली होती. पोट फुगलं, तर घरच्यांना वाटलं गॅस. ओवा दिला, पोट शेकलं. माझ्याकडे आणली तेव्हा तिला आडवं झोपवत नव्हतं, श्वास पुरत नव्हता, आणि सकाळपासून लघवी जेमतेम एकदा झाली होती. वजन तीन दिवसांत पाच किलो वाढलं होतं. तिला रुग्णवाहिकेत घालून नागपूरला पाठवलं, वाचली. तिच्या फायलीत एएमएच ८ च्या वर होता.

आज हे बऱ्याच अंशी टाळता येतं. एएमएच जास्त दिसला की डोस कमी ठेवतात, अँटागोनिस्ट पद्धत (अंडी वेळेआधी सुटू न देणाऱ्या औषधाची) वापरतात, अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन एचसीजी या हार्मोनचं न देता दुसऱ्या प्रकारचं देतात आणि गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या महिन्यात सोडतात. तुमचा आकडा ३.५ च्या वर असेल तर "माझ्यासाठी शेवटचं इंजेक्शन कोणतं?" हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. आणि अंडी काढल्यावर निदान आठवडाभर रोज सकाळी वजन करा. दिवसाला किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर सकाळची वाट न बघता निघा.

आकड्यावरून किती अंडी मिळतील ते सांगता येतं का?

अंदाज येतो, वायदा करता येत नाही. आणि मिळालेली सगळी अंडी कामी येत नाहीत. दहा मिळाली तर साधारण आठ पक्व निघतात, त्यातली पाच-सहा फळतात, आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकलेले गर्भ दोन-तीन असतात. दहा अंडी म्हणजे दहा संधी, असा हिशेब कोणी सांगितला तर तो मनावर घेऊ नका.

अंडी कमी असली तर इंजेक्शनचा डोस वाढवून चालत नाही का?

थोडाफार. साधारण १५० ते २२५ युनिटने सुरुवात करतात. कमी प्रतिसादाची शक्यता असलेल्या बाईला ३०० च्या वर नेऊन फायदा होत नाही, कारण जी पिशवी नाहीच ती औषधाने येणार कुठून? बिल तेवढं वाढतं. नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, त्यातही साठा बघून डोस वाढवल्याने जास्त बाळं जन्माला आली नाहीत. जास्त साठा असलेल्यांचा डोस कमी केल्याने मात्र ओएचएसएस घटला. माझ्या मते एएमएचचा सर्वांत मोठा उपकार हाच आहे, बाईला धोक्यातून वाचवण्याचा. फॉलिट्रोपिन डेल्टा नावाचं एक औषध तर थेट एएमएच आणि वजन बघूनच मोजून देतात.

एएमएच वाढवायचं औषध आहे का?

खात्रीने वाढवणारं एकही नाही. डीएचईए आणि को-एन्झाइम क्यू-टेनच्या गोळ्या, अंडाशयात पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाचं) इंजेक्शन, यांतल्या कशाचाही पुरावा घरचे पैसे लावावेत इतका भक्कम नाही. सिगारेट-बिडीच्या धुराने साठा लवकर घटतो हे मात्र माहीत आहे, म्हणून घरात ओढणाऱ्याने बाहेर जाऊन ओढण्यापेक्षा सोडलेलीच बरी. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला पाहिजे, दोघांचाही.

आमच्याकडे सिकलसेल आहे. त्याचा यात काही संबंध?

आहे, आणि विदर्भात हा प्रश्न प्रत्येकीने विचारायला हवा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांत एएमएच वयाच्या मानाने कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांनी इस्ट्राडिओल खूप चढतो आणि गुठळीची भीती वाढते. सिकलसेलच्या बाईला ती भीती आधीच असते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरला हे पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे. त्यासाठीचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर तेही सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आजार नसला, नुसते वाहक असलात, तरी नवऱ्याची तपासणी हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारातली एक. साधी चाचणी सरकारी दवाखान्यात होते. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी करून वाहक की आजार ते ठरतं. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, कार्ड मिळालं असेल तर फायलीत लावा.

नवऱ्याचीही तपासणी लागते का?

सगळ्यात आधी. सुरुवातीला सांगितलेल्या त्या २७ वर्षांच्या मुलीची चार वर्षांत तीन वेळा सोनोग्राफी, दोन वेळा एएमएच, नळ्यांचा एक्स-रे, सगळं झालं होतं. नवऱ्याची वीर्य तपासणी एकदाही नाही. केली, तर एका मिलिलिटरमध्ये ४० लाख शुक्राणू निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. लाल गोल मात्र तिच्या कागदावर होता. नवरा भला माणूस होता, रिपोर्ट बघून म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाई मॅडम." त्यानंतर त्याच्या आईला त्यानेच समजावलं.

आणखी एक विचारते, राग मानू नका. नवरा पुण्याला कंपनीत आणि पोळ्या-दिवाळीलाच घरी येत असेल तर ते वर्ष प्रयत्नांचं धरता येत नाही. वर्षभर सोबत राहून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करा. बाईचं वय ३५ च्या वर असेल तर सहाच महिने थांबा.

एएमएच ०.३ आहे. दुसरीची अंडी घ्या म्हणतात.

वय ४३ असेल तर तो सल्ला विचार करण्याजोगा आहे. वय ३० असेल तर आधी स्वतःच्या अंड्यांचा एकदा तरी नीट प्रयत्न व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे अंडी देणारी बाई २३ ते ३५ वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त अंडी काढता येत नाहीत. उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. उपचार केंद्राची नोंदणी झालेली आहे का, हे विचारा, प्रमाणपत्र भिंतीवर असायला हवं.

यासाठी शेत विकावं का?

आकडा कमी आला की "आता घाई करा, याच महिन्यात भरा" असं सांगितलं जातं आणि माणूस सावकाराकडे धावतो. महिना-दोन महिन्यांत एएमएच संपून जात नाही. नवऱ्याचा रिपोर्ट, नळ्या उघड्या आहेत का, पूर्वी टीबी झाला होता का, थायरॉईड, हे सगळं बघून झालं की मग पैशाचं बोला. एका वेळचा खर्च इंजेक्शनांसकट लिहून मागा, पहिल्या वेळी यश आलं नाही तर पुढे किती लागतील तेही लिहून मागा. वाटणीतलं एकर गेलं आणि पाळणाही हलला नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. पहिल्या प्रयत्नाच्या आधी जमीन काढू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

नागपूरला जाताना सोबत काय न्यायचं?

सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, एकक दिसेल असे, मोबाईलमधले फोटो नकोत. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक असली तरी. पूर्वीच्या ऑपरेशनचा कागद, सिकलसेलचं कार्ड, दोघांची आधार कार्डं. वीर्य तपासणीसाठी आधीचे २ ते ७ दिवस संबंध टाळलेले असावेत, म्हणजे ती त्याच फेरीत होऊन जाते आणि दीडशे किलोमीटर पुन्हा जावं लागत नाही. त्यासाठी नवऱ्याने सोबत यायला हवं, मजुरीचा एक दिवस बुडला तरी.